आईची वही, आमची फाईल

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार. जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघांनी दिवाणाखालची सुटकेस ओढून काढली आणि घरातले पैशांचे झाडून सगळे कागद हॉलमध्ये सतरंजीवर पसरले. विम्याचे बॉण्ड, पोस्टाची पासबुकं, गृहकर्जाचा करार, कार्डांची स्टेटमेंटं, कधीच बंद केलेल्या खात्याचं अर्धं चेकबुक. मुलीने विचारलं, "आई, आपण घर बदलतोय का?"

घर बदलत नव्हतो. झालं असं होतं की आदल्या शुक्रवारी मेडिकलमध्ये सासूबाईंच्या औषधांचे २,३४० रुपये द्यायला कार्ड पुढे केलं आणि ते चाललं नाही. दुसरं दिलं, तेही नाही. मागे चार माणसं उभी होती. दुकानदार ओळखीचे, म्हणाले, "ताई, नंतर द्या." मी औषधं घेतली, पण घरी येईपर्यंत पाय जड झाले होते. आम्ही दोघं नोकरी करणारी माणसं. ह्यांचे ५४ हजार हातात येतात, माझे ३८ हजार. वेळेवर पगार होतो, कुणाला व्यसन नाही, परदेशी सहली नाहीत. तरी औषधाला पैसे कमी पडले, आणि का पडले हे आम्हा दोघांपैकी एकालाही सांगता येईना.

त्यानंतरचे अकरा महिने आम्ही काय केलं ते इथे लिहिते आहे. यात नवीन असं काहीच नाही. बहुतेक गोष्टी माझ्या आईला तासगावात बसून चाळीस वर्षांपूर्वी ठाऊक होत्या. पण ठाऊक असणं आणि टेबलासमोर रांगेत उभं राहून ते करून घेणं यात बरंच अंतर आहे, आणि त्या अंतरात माणूस फार एकटा पडतो. म्हणून तारखा, रक्कम, फेऱ्या सगळं ठेवलं आहे.

त्या रविवारी आम्ही फुलस्केप कागदावर दोन याद्या केल्या: देणं काय आणि असणं काय. तीन तास लागले. देण्याच्या बाजूला गृहकर्जाचा महिन्याचा हप्ता २७,८००. एका कार्डावर १,२१,८०० आणि दुसऱ्यावर ६४,६००. म्हणजे कार्डांचेच १,८६,४०० रुपये. हा आकडा लिहिल्यावर दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. त्याची सुरुवात ऑगस्ट २०२३ मध्ये सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून झाली होती. मेडिक्लेममधून न मिळालेले साधारण सत्तर हजार कार्डावर टाकले, "हळूहळू फेडू" म्हणालो आणि दर महिन्याला स्टेटमेंटवरची किमान रक्कम भरत राहिलो. किमान रक्कम भरली की फोन येत नाहीत, म्हणून सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं.

आता हिशेब बघा. आमच्या दोन्ही कार्डांचा व्याजदर महिन्याला ३.६ टक्के, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. १,८६,४०० वर एका महिन्याचं व्याज ६,७१० आणि कर १,२०८, मिळून ७,९१८ रुपये. किमान रक्कम होती थकबाकीच्या ५ टक्के, ९,३२०. म्हणजे आम्ही ९,३२० भरत होतो आणि कर्ज कमी होत होतं जेमतेम १,४०० रुपयांनी. शिवाय थकबाकी मागे ओढत असलो की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. कार्डावर घेतलेल्या दुधाच्या पिशवीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. हे मला त्या दिवशी, वयाच्या ४१ व्या वर्षी कळलं.

आणि त्याच सतरंजीवर १,१०,००० रुपयांच्या मुदत ठेवीची पावती पडली होती. व्याज ७.१ टक्के, वर्षाचं. लग्नानंतर बाबांनी दिलेल्या पैशांतून ती सुरू झाली होती. बाबा आता नाहीत. ही ठेव मोडायची नाही असं आमच्या घरात न बोलता ठरलेलं होतं.

रात्री आईला फोन केला. खरंतर रडायलाच केला होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू रोजचं लिहितेस का गं?" मी नाही म्हणाले. "मग आधी लिहायला लाग. बाकीचं मागनं बघू." आई आजही रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की वही काढते. डाव्या पानावर जमा, उजव्यावर नावे. पाच रुपयांची कोथिंबीर असली तरी लिहिते. लहानपणी मला त्या वहीचा रागच यायचा, कारण माझ्या पेन्सिलीसुद्धा तिच्यात असायच्या. बाबांच्या पगारातून तिने दुधाचे, किराण्याचे, सणाचे पैसे वेगळ्या डब्यांत ठेवले, उन्हाळ्यात वर्षाचे गहू-ज्वारी भरले आणि आम्हा दोघा भावंडांची शिक्षणं केली. ठेवीचं विचारल्यावर म्हणाली, "बाबांनी ती अडीनडीलाच दिली होती. ही अडीनडी नाही तर काय?"

५ मार्चला ठेव मोडली. बँकेत वीस मिनिटांचं काम. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याजदरात एक टक्का कापला, तेवढंच. दहा हजार हाताशी ठेवले, एक लाख कार्डांवर भरले: छोटं कार्ड पूर्ण आणि उरलेले ३५,४०० मोठ्यावर. दर दोन्हींचा सारखाच होता, पण एक कार्ड डोळ्यांसमोरून नाहीसं होणं त्या वेळी गरजेचं वाटलं. बँकेतून बाहेर पडल्यावर मला खूप वाईट वाटलं. हेही सांगते, कारण हा निर्णय कागदावर कितीही बरोबर असला तरी तो सोपा नव्हता.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. थकबाकी पूर्ण भरली तरी पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडं व्याज येतं, कारण आधीच्या स्टेटमेंटच्या तारखेपासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं व्याज तेव्हा आकारलेलंच नसतं. आम्हाला १,९२२ रुपये आले. "कार्ड संपलं" म्हणून ते स्टेटमेंट उघडलंच नसतं तर पुन्हा दंड आणि व्याज सुरू झालं असतं. ते भरून, शिल्लक शून्य झाल्याची खात्री करून मी कार्ड बंद करायचा ईमेल पाठवला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, काही देणं नसेल तर कार्ड सात कामाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला ५०० रुपये द्यावे लागतात. मी ईमेलमध्ये हा नियम साध्या शब्दांत लिहिला. मन वळवायला दोन फोन आले, मी नम्रपणे नाही म्हणाले, आणि सहाव्या दिवशी बंद झाल्याचा मेसेज आला.

त्याच आठवड्यात क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपली कर्जं आणि ती कशी फेडली याच्या नोंदी, काढले. भारतात हे रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. वेबसाइटवर पैसे भरायच्या योजना मोठ्या अक्षरांत असतात, फुकटचा दुवा शोधावा लागतो, पण असतो. ह्यांच्या रिपोर्टमध्ये २०२१ मध्ये फेडलेलं फ्रिजचं कर्ज अजून चालू दिसत होतं. ऑनलाइन तक्रार नोंदवली, कर्ज संपल्याचं पत्र जोडलं. निकाल लावायला तीस दिवसांची मुदत असते, आमचं तेविसाव्या दिवशी दुरुस्त झालं. ते पत्र सुटकेसमध्ये सापडलं म्हणून भागलं. कुठलंही कर्ज फेडलं की हे पत्र मागून घ्या आणि जपून ठेवा.

आता विमा. हा भाग सगळ्यांत अवघड गेला आणि त्याचं कारण पैसा नव्हता. आमच्याकडे तीन पॉलिसी होत्या, वर्षाचे हप्ते मिळून ७२,५००. तिन्ही नात्यातल्या एका मामांकडून घेतलेल्या. मामा माणूस म्हणून फार चांगले. बाबा गेले तेव्हा पहिले तेच धावून आले होते. पण त्या तिन्ही पॉलिसींचं विमा संरक्षण एकत्र केलं तरी ते साडेनऊ लाख भरत होतं. ह्यांना उद्या काही झालं असतं तर आमचं गृहकर्जसुद्धा त्यात फिटलं नसतं.

आधी नवा विमा घ्या, तो हातात आला की मगच जुन्याला हात लावा. हा क्रम चुकवू नका. १० मार्चला ह्यांच्या नावाने एक कोटीच्या मुदत विम्याचा, म्हणजे टर्म इन्शुरन्सचा अर्ज केला. ह्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. अर्जात ते लिहावं की नाही यावर एक मित्र म्हणाला, "कशाला लिहिता, हप्ता वाढेल." आम्ही लिहिलं. हप्ता वाढलाच. पण लपवलेल्या आजारावरून मला आणि मुलीला दावा नाकारला जाण्यापेक्षा दरमहा काही रुपये जास्त गेलेले बरे. २० मार्चला घरी येऊन रक्त घेऊन गेले, ४ एप्रिलला पॉलिसी आली. वार्षिक हप्ता एकरकमी देणं तेव्हा शक्य नव्हतं म्हणून मासिक निवडला: १,८३० अधिक जीएसटी, २,१५९ रुपये. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आणि ऑक्टोबरचा हप्ता १,८३० च गेला.

मग मामांना घरी जेवायला बोलावलं. फोनवर सांगायचं नाही हे आम्ही ठरवलं होतं. जेवणानंतर मी फुलस्केपचा तोच कागद त्यांच्यासमोर ठेवला. कार्डाचा आकडा त्यांनी दोनदा वाचला. "मला आधी का नाही सांगितलंत?" एवढंच म्हणाले. नंतर म्हणाले, "पॉलिसी मोडली की नुकसान होतं, हे मी सांगायलाच हवं." मी म्हटलं, "मामा, नुकसान होतंय हे कळतंय. पण ते आत्ता किती आणि पुढे किती, ते तुम्हीच काढून द्या." आणि त्यांनी खरंच काढून दिलं. पुढच्या आठवड्यात शाखेतून तिन्हींचे सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे मधेच मोडली तर हातात येणारी रक्कम, आणि पेड-अपचे आकडे घेऊन आले. हे आकडे मागायला काही पैसे पडत नाहीत, आणि मागितले म्हणजे पॉलिसी मोडलीच पाहिजे असंही नसतं.

तिन्हींचं उत्तर वेगळं निघालं. १८,५०० वाली २०२७ मध्ये पूर्ण होते, ती चालू ठेवली. २४,००० वालीचे १२ हप्ते झाले होते, ती पेड-अप केली. म्हणजे पुढचे हप्ते बंद, आणि भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी झालेली रक्कम मुदतीअखेर मिळणार. ३०,००० वालीचे पाचच हप्ते झाले होते, दीड लाख भरले होते, सरेंडर केल्यास ८३,७०० मिळणार होते. सहासष्ट हजारांवर पाणी. दोन रात्री आम्ही यावर बोललो. शेवटी ह्यांनी विचारलं, "ही पॉलिसी आज आपल्याकडे नसती आणि हातात ८३ हजार असते, तर आपण ते कुठे भरले असते?" उत्तर कार्ड होतं.

२१ एप्रिलला अर्ज घेऊन गेले. मूळ बॉण्ड, सरेंडरचा फॉर्म, रद्द केलेला चेक, पॅन, आधार, पासबुकाची प्रत. काउंटरवरच्या बाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "रेव्हेन्यू तिकीट?" पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट लावून त्यावर सही करावी लागते. ते शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे संपलं होतं. पोस्टात मिळालं, परत येईपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. अर्धा दिवस एका तिकिटापायी गेला. पाच-सहा तिकिटं पाकिटात ठेवून द्या, वर्षभरात कुठे ना कुठे लागतातच. ६ मे रोजी पैसे खात्यात आले आणि ७ मे रोजी मोठ्या कार्डाचे राहिलेले सगळे, साधारण बासष्ट हजार, भरून टाकले. पुढच्या स्टेटमेंटला पुन्हा १,२९० आले, या वेळी ते येणार हे माहीत होतं. ते कार्ड ठेवलं आहे, पण त्याला ऑटो-पे लावला तो पूर्ण रकमेचा. ऑटो-पे लावताना "किमान रक्कम" हा पर्याय आधीच निवडलेला असू शकतो, तेवढं नीट बघा.

या सगळ्याच्या मध्येच पोस्टाचं प्रकरण चालू होतं. सुटकेसमध्ये माझं पीपीएफचं पासबुक निघालं. २०१३ मध्ये उघडलेलं, २०१९-२० नंतर एक रुपया भरलेला नाही. वर्षाला किमान ५०० रुपये भरले नाहीत तर खातं बंद पडतं. पैसे बुडत नाहीत, व्याजही मिळत राहतं, पण कर्ज किंवा मधे काही रक्कम काढायची सोय राहत नाही. चालू करायचं तर चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० आणि ५० रुपये दंड. चार वर्षांचे २,२०० आणि चालू वर्षाचे ५००, एकूण २,७००. म्हणजे दंड सगळा मिळून दोनशे रुपये! पाच वर्षं मी ज्याला घाबरून पासबुक उघडत नव्हते तो दंड.

पैशांपेक्षा नाव जड गेलं. पासबुकावर माहेरचं नाव, आधार-पॅनवर सासरचं. पहिल्या फेरीला सांगितलं, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणा. ते आणलं तर दुसऱ्या फेरीला, त्याच्यावर मधलं नाव वडिलांचं पूर्ण आहे आणि पासबुकावर नुसतं आद्याक्षर, प्रतिज्ञापत्र लागेल. तिसऱ्या फेरीला, २४ मार्चला, दुसरे कर्मचारी होते. त्यांनी तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, केवायसीचा फॉर्म नव्याने भरून घेतला आणि तासाभरात काम झालं. आधीचे कर्मचारी वाईट होते असं मला वाटत नाही, मार्चअखेरीची गर्दी होती. पण यावरून शिकले ते असं की मार्चचा शेवटचा आठवडा टाळावा, मूळ कागद आणि दोन-दोन प्रती एकदमच न्याव्यात, आणि प्रत्येक फेरीला कोणी काय सांगितलं ते तारखेसह लिहून ठेवावं. हे खातं ३१ मार्च २०२९ ला पंधरा वर्षं पूर्ण करेल. आता त्यात दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत हजार रुपये जातात, कारण ५ तारीख ते महिनाअखेर यातल्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज मोजतात. ६ तारखेला भरलेल्या पैशांना त्या महिन्याचं व्याज नाही.

आणि वही. आईने सांगितलेलं काम दिसायला सगळ्यांत छोटं होतं. १७ फेब्रुवारीपासून रात्री साडेनऊला, भांडी आवरली की, दोनशे पानी वहीत लिहायला लागले. मोबाइलवर ॲप आहेत, दोन वापरून पाहिली. ती मेसेज वाचून आपोआप नोंदी करतात, आणि त्यामुळेच माझ्या काही लक्षात राहत नव्हतं. हाताने "चहा-वडापाव ९०" लिहिताना तो वडापाव आठवतो. मागचा अंदाज यावा म्हणून जानेवारीचं बँक स्टेटमेंट छापून घेतलं आणि पेनाने खुणा केल्या. यूपीआयचे २१४ व्यवहार, एकूण ३१,४८०. त्यातले १६३ व्यवहार दोनशे रुपयांच्या आतले. मोठी उधळपट्टी शोधत होतो, ती कुठेच नव्हती. वीस-तीस, ऐंशी-नव्वद, आणि आठवड्याला दोनदा बाहेरून मागवलेलं जेवण.

आईचे डबे आम्ही बँकेत केले. जुनं, पडून असलेलं एक बचत खातं फक्त रोजच्या खर्चाला ठेवलं आणि दोघांच्याही फोनवर यूपीआय तेवढ्याच खात्याला जोडलं. दर सोमवारी त्यात ४,५०० रुपये आपोआप येतात. पगाराचं खातं यूपीआयपासून तोडलं. हा एक बदल बाकी सगळ्या निश्चयांपेक्षा जास्त उपयोगी पडला. गुरुवारी खात्यात सातशे उरलेले दिसले की शुक्रवारी आपोआप घरी पिठलं-भाकरी होते. यूपीआय ॲपमधल्या ऑटो-पेच्या यादीत चार वर्गण्या सापडल्या, तीन बंद केल्या. किराणा महिन्याची यादी करून एकदम वाण्याकडून आणायला लागलो. मे महिन्यात वर्षाचे नाही तरी चार महिन्यांचे गहू भरले. ऑफिसला न्यायचे जेवणाचे डबे दोघांचेही सुरू झाले. पहाटे पावणेसहाला उठून पोळ्या करणं मला जड जात होतं, तेव्हा भाजी आदल्या रात्री चिरून ठेवायचं काम ह्यांनी घेतलं, आणि तेव्हापासूनच ते टिकलं. पहिल्या महिन्यात रोजचा खर्च २४,९०० वर आला, नोव्हेंबरमध्ये १९,७६०.

मधे खंडही पडला. २७ ऑगस्टला गणपती बसले, पाहुणे होते, आणि मी अकरा दिवस वहीला हात लावला नाही. नंतर आठवून आठवून भरायला बसले तर जुळेना, आणि वहीच नकोशी झाली. आईला सांगितलं तर म्हणाली, "गेलं ते सोड. खाली रेघ मार, आजचं लिही." मी रेघ मारली आणि त्या दिवसापासून पुढे लिहिलं. ती रेघ वहीत तशीच आहे.

सप्टेंबरमध्ये आईच्याच पैशांचं काम निघालं. तिचे तीन लाख गावातल्या एका पतसंस्थेत ठेवीत होते. व्याज बँकेपेक्षा दीड टक्का जास्त, आणि माणसं ओळखीची. पण बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकांनाही असतं, पतसंस्थेला ते नसतं. हा फरक आईला माहीत नव्हता, आणि मलाही फेब्रुवारीपर्यंत नव्हता. ठेवीची मुदत १ सप्टेंबरला संपत होती. पैसे मागितल्यावर "पुढच्या सोमवारी या" असं दोनदा झालं. त्या दोन सोमवारांमधले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिसऱ्या वेळी मी सुट्टी घेऊन तासगावला गेले, मागणीचा लेखी अर्ज दिला, त्याच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. १७ तारखेला चेक मिळाला. तो वटल्यावर पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आईच्या नावे भरले. व्याज ८.२ टक्के, मुदत पाच वर्षं, दर तीन महिन्यांनी व्याज बचत खात्यात. एक लाखाच्या वरची रक्कम या खात्यासाठी चेकनेच भरावी लागते, तेव्हा रोख काढून नेऊ नका.

शेवटचं काम वारसनोंदीचं. मोबाइलवर माझ्या भविष्यनिर्वाह निधीचं खातं उघडलं तर नामनिर्देशनात माझा भाऊ, नोकरीला लागले तेव्हाचा. लग्न झाल्यावर, म्हणजे त्या योजनेच्या अर्थाने कुटुंब झाल्यावर, असं नामनिर्देशन आपोआप रद्द ठरतं. चौदा वर्षं माझ्या त्या खात्याला वैध वारसनोंदच नव्हती. ऑनलाइन दुरुस्त करायला फोटो आणि आधारचा ओटीपी लागला, चाळीस मिनिटं. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा लिहिता येतो. आम्ही १५ नोव्हेंबरला जाऊन दोघांच्या खात्यांची नोंद केली आणि पासबुकावर तसं छापून आल्याची खात्री केली. फॉर्म दिला म्हणजे नोंद झाली असं धरून चालू नका, पोच घ्या.

आता सगळं एका निळ्या फाईलमध्ये आहे. पहिल्या पानावर खाती, पॉलिसी, कर्ज, कोणाला फोन करायचा, कागद कुठे आहेत. पासवर्ड त्यात नाहीत. मुलगी तेरा वर्षांची आहे, तिलाही फाईल कुठे असते ते दाखवलं. सुरुवातीला ती घाबरली, मग तिने फाईलवर स्वतःच्या अक्षरात "घर" असं लिहिलं.

जूनपासून महिन्याला दहा हजारांची आवर्ती ठेव सुरू केली. डिसेंबरअखेर सत्तर हजार, आणि पॉलिसीतून उरलेले साडेएकवीस. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा असं ठरवलं आहे, त्याच्या साधारण निम्म्यावर आलो आहोत. बाबांची ठेव पुन्हा उभी करायची आहे, त्याला अजून वेळ लागेल. सासूबाईंची औषधं आता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकदम आणतो, त्याच दुकानातून.

२ जानेवारीला संध्याकाळी आईचा फोन आला. पोस्टात जाऊन पासबुक भरून आणलं होतं, पहिल्या पूर्ण तिमाहीचं व्याज आलं होतं. "सहा हजार एकशे पन्नास," ती म्हणाली. "डाव्या पानावर लिहिलंय. तुझं आजचं झालं का लिहून?"

मी म्हटलं, आता बसतेच आहे.